शेवटच्या धुण्याचं पाणी

काडी बोटाएवढी कापायची.
आधी नळाखाली. मग स्पिरिटमध्ये मिनिटभर,
मग ब्लीचमध्ये तीन मिनिटं, घड्याळ लावून,
मग उकळून निववलेल्या पाण्यात पाच वेळा.
बाहेरचं काही राहता कामा नये:
मोरचुदाचा निळा,
मोहाडीच्या रस्त्यावरची ट्रॅक्टरची धूळ,
विरळणीला आलेल्या बायांच्या हातांचा घाम.

पाचवं पाणी फेकायचं नाही.
ते वेगळ्या बशीत पसरायचं,
आणि त्या बशीत काही उगवलं नाही
तरच पुढचं सगळं खरं.
सरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं
आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर.
आमच्याकडे ऊब एकट्या इनक्युबेटरला.
त्याच्या डोक्यावर मी जेवणाचा डबा ठेवते.
ठेवू नये असं लिहिलंय, त्या पाटीवरच ठेवते.

तिसऱ्या दिवशी पाण्याची बशी कोरी.
आणि काडीच्या कापल्या तोंडाशी
मळकट पांढरं, ओलसर काहीतरी,
साय धरायच्या आधी दुधावर असतं तसं.
दुसरीपाशी गुलाबी.
तिसरीपाशी कापसाची चिमूट.
आलेलं नाही कुठून.
आत होतं.

दौलत ढिकले बशी खिडकीकडे धरतात.
रोग?
नाही.
मग औषध?
नाही. म्हणजे, अजून माहीत नाही.
यंदा मोजून तेवीस फवारण्या, ताई.
माझ्या बागेत मुंगी येते ती विचारून.
आणि हे?
हे होतेच, काका. पेशींच्या मधल्या फटींत.
भाडं तरी देतात का?
मी म्हटलं, काही हवेतलं नत्र ओढून देतात,
काही मातीतला स्फुरद सोडवतात,
काही, आमच्या माहितीप्रमाणे, काहीच करत नाहीत.
नुसते राहतात.
काका हसले. तसे आमच्याकडंही आहेत दोघं.

त्यांच्या पिकअपमधून यमुना भोये आलेली,
कोहोरची, विरळणीच्या टोळीची मुकादम.
इतका वेळ दारातच उभी.
पदराच्या गाठीतून तिनं नागली काढली.
हिचं बघ.
द्राक्ष तर कालचं आलंय.

नागलीचा दाणा चाकूखाली थांबत नाही.
एक उडाला तो अजून सापडलेला नाही.
शेवटी खलात ठेचली,
तेच स्पिरिट, तेच ब्लीच झाल्यावर, तीच पाच पाणी.
उगवलं ते पिवळं, हळदीचं बोट पुसल्यासारखं.
गेल्या दिवाळीपासून कणगीत असलेलं बी,
त्याला ना माती, ना मूळ, ना ओल.

बियात कुठून शिरलं? तिनं विचारलं.
आधीच्या बियातून.
आणि त्यात?
त्याच्या आधीच्या.
तिनं मान हलवली,
जणू मीच उत्तर चुकत होते आणि आता जमलं.
ही सुरगाण्याची आहे, म्हणाली, माहेरची.
दुकानातलं बी मी कधी आणलं नाही.
मग ढिकल्यांनी हॉर्न दिला.

पिवळ्याला मी नंबर दिला, वही आखली,
सरांना फोटो पाठवला. त्यांचा अंगठा आला.

पाचव्या दिवशी पाण्याची बशी उचलली.
काठापासून दोन बोटं आत
एक ठिपका.
पिवळा नाही. पांढराही नाही. अंगाच्या रंगाचा.
माझ्या मनगटाचा असेल,
किंवा शिंकेचा, मंगळवारी पंख्याआड दाबलेल्या.

सगळं रद्द.
नियम म्हणजे नियम. वहीत तिरकी रेघ,
काड्या, नागली, गुलाबी, कापूस, हळद,
एका पिशवीत, कुकरमध्ये, वीस मिनिटं.
शिट्टी नसते त्याला.
वास मात्र भाकरीचा आला,
किंवा डबा उघडा राहिला असेल.

रात्री अनोळखी नंबर. मागं कुत्रं, मागं रेडिओ.
ताई, माझं उगवलं का?
उगवलं, म्हटलं. पण त्यात माझंही उगवलं.
आता कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.
पलीकडं जरा वेळ नुसतं कुत्रं.
मग म्हणाली,
बरं. शनिवारी पिकअप येतोय,
अजून मूठभर पाठवते.